फेडर खाली असताना

सुर्ल्यातल्या सभेचं माइक टेस्टिंग चालू होतं आणि दत्ताराम माझ्या मिक्सरशेजारी येऊन उभा राहिला. लोकसभेची निवडणूक होती. मी डिचोलीचा साऊंडवाला. दोन्ही पक्षांच्या सभांना माझेच स्पीकर लागतात.

"तू दोघांचीय भाषणां आयकतस," तो म्हणाला. "खाण सुरू होतली काय नाय, कोण काय बोललो?"

दत्ताराम मूळचा सावंतवाडीकडचा. खनिज वाहायचा एक टिपर, त्यावर सगळं घर. खाण बंद पडल्यापासून टिपर अंगणात उभा. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. खाण सुरू होणार असेल तर ठेवायचा, नसेल तर विकायचा.

मी आठवून बघितलं. आदल्या दिवशीच डिचोलीत दुसऱ्या पक्षाची सभा झाली होती. विरोधकाचे काढलेले आजोबा आठवले, देशाची शान आठवली, टाळ्या आठवल्या. खाण काही आठवेना. इतकी वर्षं मी नुसता आवाज ऐकत होतो, बोलणं नव्हे. लाज वाटली.

"आज नीट आयकतंय," मी म्हटलं.

आता फेडर म्हणजे काय ते सांगतो. मिक्सरवरची आवाज वर-खाली करायची पट्टी. ती खाली असली की स्पीकर गप्प, पण माइक चालू असतो आणि माझ्या हेडफोनमध्ये सगळं येतं. दिल्लीचे नेते स्टेजवर येऊन बसले. समोर टेबलावर माइक, फेडर खाली. ते शेजारच्या स्थानिक पुढाऱ्याकडे वळले.

"इधर का इश्यू?"

"मायनिंग, सर."

"अपना स्टँड?"

"अभी तय नहीं, सर."

"सामनेवाले का?"

"उनका भी नहीं."

"फिर छोड दो."

मी फेडर वर केला. चाळीस मिनिटं भाषण झालं. मी शब्दन् शब्द ऐकला. आजोबा तेवढे बदलले होते.

सभा उठल्यावर दत्ताराम आला. "काय बोललो?"

मी हेडफोनमधलं सांगितलं. चिडेल असं वाटलं होतं. त्याने स्टेजवरच्या माइककडे बोट दाखवलं.

"कोणाचाच काय ठरूक नाय," तो म्हणाला. "मगे ह्या माइकवर सांगूक काय झालेला?"

रविवारी त्याने टिपर विकला.

तेव्हापासून मुद्द्याचं काही ऐकायचं असेल तर मी भाषणाआधीच हेडफोन घालतो. भाषणात फक्त स्पीकर शिट्टी मारत नाही ना, एवढंच बघतो.