आमच्या जिनातला जर्मन वैमानिक

माझं लग्न झालं तेव्हा हे जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. राहायला फॅक्टरीच्या आवारातच तीन खोल्या होत्या. हंगामात दिवसभर रुईचे तंतू उडायचे, वरणात पडायचे, केसांत अडकायचे. उन्हाळ्यात मात्र सगळी यंत्रं बंद आणि आवारात शुकशुकाट.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीच्या अशाच एका उन्हाळ्यात शेठजींनी जुनं वाफेचं इंजिन काढून तेलावर चालणारं जर्मन इंजिन बसवायचं ठरवलं. मुंबईहून मालगाडीनं इंजिनाचे खोके आले आणि त्यांच्या मागोमाग ते बसवणारा साहेब आला. उंच, चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर केस जेमतेम, आणि डाव्या कानाची अर्धी पाळी गायब. त्याला पाहून माझ्या मनात आलं, हा माणूस जळगावच्या मे महिन्यात आठ दिवससुद्धा टिकायचा नाही.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. साहेबाचं इंग्रजी ह्यांना कळेना आणि ह्यांचं साहेबाला. ह्यांचं इंग्रजी सगळं यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून आलेलं. 'खाली दाखवल्याप्रमाणे' आणि 'घट्ट आवळा' हे दोन शब्दप्रयोग त्यांना अगदी झकास यायचे, पण त्यांवर दोन माणसांचं बोलणं किती वेळ चालणार? माझे वडील धुळ्याला इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं आणि ते रोज जेवताना माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. दुपारी साहेब आणि हे एकाच बोल्टाकडे बोट दाखवून दोन भाषांत ओरडत होते, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "अहो, ते म्हणताहेत की पाया अजून ओला आहे, आज काही बसवू नका."

साहेबानं वळून पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. शेठजींना बाईमाणूस इंजिनापाशी उभं राहणं फारसं रुचलं नाही. पण पाया ओला असताना इंजिन बसवलं असतं तर काय झालं असतं, हे ह्यांनी त्यांना समजावलं. तेव्हा शेठजीच म्हणाले, "मग बहूजींनाच बोलवा. बाकी कोणी बोलायचंच नाही." अशी मी दुभाषी झाले.

साहेबाचं जेवण आमच्याकडेच. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी त्याला आवडली. ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन आणखी मागितला. एक दिवस आमरसाबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या करायला मी शेजारच्या गावाहून एका काकींना बोलावलं होतं. काकींनी हातांवर फिरवत फिरवत पोळी कोपरापर्यंत मोठी केली आणि पालथ्या खापरावर टाकली. साहेब हातातली वाटी खाली ठेवून उभाच राहिला. म्हणाला, "आमच्या विमानाच्या पंखांवर असंच कापड ताणायचे. फाटू न देता."

"विमानाच्या?" मी विचारलं.

तेव्हा कळलं की हा पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवत होता.

बातमी घरातून आवारात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून रिवाजच पडला. दुपारी लोखंडाला हात लावता येत नसे, तेव्हा सगळे गोदामाच्या सावलीत बसत. साहेब पालथ्या खोक्यावर, मिस्त्री आणि हमाल सरकीच्या पोत्यांवर, मी दाराच्या उंबऱ्यावर. साहेब दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. मग माझी पाळी.

त्याच्या बापाची नदीकाठी पिठाची गिरणी होती. लढाई सुरू झाली तेव्हा हा विशीत होता आणि घोडदळात भरती झाला. पण दोन्हीकडची माणसं खंदकांत जाऊन बसली, मग घोड्यांना कामच उरलं नाही. याचा घोडा तोफेच्या गोळ्यानं गेला. चिखलात बसून राहण्यापेक्षा वर गेलेलं बरं म्हणून यानं विमानदळात अर्ज केला. एकट्यानं पहिल्यांदा विमान उडवलं ते थेट बटाट्याच्या शेतात उतरलं. शेतकरीण खुरपं घेऊन मागे धावली. हे सांगताना साहेब स्वतःच धावून दाखवायचा आणि हमाल पोत्यांवर लोळायचे.

फ्रान्सच्या आघाडीवर त्याला एकट्यानं बसायचं लढाऊ विमान मिळालं. विमान लाकडाचं आणि कापडाचं, पुढे एक बंदूक. वर इतकी थंडी की तोंडाला चरबी फासावी लागे. त्यानं पाडलेलं पहिलं इंग्रजी विमान जर्मनांच्याच हद्दीत उतरलं. आतला वैमानिक धडधाकट बाहेर आला. दोघांनी हात मिळवले, आणि संध्याकाळी जर्मनांच्या पंगतीला तो इंग्रज जेवला.

"मारलं नाही?" एका मिस्त्रीनं विचारलं.

"खाली आल्यावर कशाला मारायचं?" साहेब म्हणाला. "वर असताना तो मला मारत होता, मी त्याला. खाली आल्यावर दोघांनाही भूक लागली होती." मग त्यानं आणखी सांगितलं, "सगळेच असे उतरले नाहीत." किती जणांना पाडलं, हे शेठजींनी दोनदा विचारून पाहिलं. साहेबानं तो आकडा कधी सांगितला नाही.

या बैठकीला एकच माणूस येत नसे. आमचे पहारेकरी नाना. भडगावकडचे, गिरणाकाठच्या गावातले. चालताना डावा पाय जरा ओढायचे. साहेब आल्यापासून ते त्याच्याकडे बघत नव्हते, सलाम करत नव्हते. फाटक उघडायचे आणि तोंड फिरवायचे. तरुणपणी ते त्याच महायुद्धात इंग्रज सरकारच्या भरतीतून बसऱ्याच्या लढाईला गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. पण लढाईचा राग इतकी वर्षं कोणी धरतं का, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी साहेबाची गोष्ट फ्रान्सहून निघाली ती थेट बसऱ्याच्या दिशेला. तुर्कांच्या मदतीला म्हणून त्याची बदली मेसोपोटेमियात, म्हणजे इराकात, झाली होती. आगगाडी संपली तिथून पुढे विमानाचे खोके तराफ्यांवर घालून नदीतून नेले. बकऱ्यांची कातडी फुगवून त्यांवर फळ्या बांधलेले तराफे. उन्हानं विमानाची लाकडं आकसायची, सरस सुटायचा, इंजिनातलं पाणी उकळायचं. म्हणून पहाटे उजाडता उजाडता उडायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. "तिथून आलेल्या माणसाला तुमचं जळगाव थंड हवेचं ठिकाण आहे," तो म्हणाला. "नदीच्या धक्क्यावर इंग्रजांच्या बोटी लागायच्या. त्यांच्यावर गोळ्या झाडायचं काम..."

मी हे मराठीत सांगत होते तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"माय, त्याले इचार. बोटीसवर गोया झाडनारा हाऊच शे का?"

नाना कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.  ते म्हणाले, पहाटेची वेळ होती, ते धक्क्यावर पोती उतरवत होते. वरून विमान आलं. एक गोळी त्यांच्या पोटरीतून आरपार गेली. आणि दोन वर्षं सांभाळलेलं त्यांचं खेचर तिथंच आडवं झालं.

"मनं खेचर मारं त्यानी," नाना म्हणाले. "बठ्ठं सांग त्याले. काही ठेवू नको."

ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे, काहीतरी गोड बोल. क्षणभर मलाही तसंच वाटलं. इंजिन अर्धं बसलेलं, साहेब रागावून निघून गेला तर? पण नानांनी मला सगळं सांग म्हटलं होतं. मी एकेक शब्द तसाच्या तसा सांगितला.

साहेब खोक्यावरून उठला. त्यानं नानांना महिना विचारला, धक्क्याची जागा विचारली. मग म्हणाला, "त्या उन्हाळ्यात मी तिथे तीनदा गेलो होतो. माझे सोबतीही जात. तो मीच होतो असं मी सांगू शकत नाही. मी नव्हतो असंही सांगू शकत नाही."

मी ते सांगितलं.  साहेब मला म्हणाला, "त्यांना विचारा, खेचर कुठल्या रंगाचं होतं?"

मला तो प्रश्न विचित्रच वाटला, पण विचारला. नानांचा चेहरा एकदम बदलला.  मग हातातली काठी भिंतीला टेकवून ते तिथंच खाली बसले आणि सांगू लागले. करड्या रंगाचं होतं. कपाळावर पांढरा ठिपका. गूळ दिला तर मान खांद्यावर टाकायचं, दुसऱ्या कोणाला पाठीवर हात ठेवू द्यायचं नाही. नाना तापानं आजारी होते तेव्हा त्यानं दोन दिवस दाणा खाल्ला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना ही गोष्ट कोणी विचारली नव्हती. गावी परतल्यावर सगळ्यांनी पाय पाहिला. खेचराचं दुःख करणं लोकांना हसण्यासारखं वाटलं असतं.

साहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि आपल्या घोड्याचं सांगू लागला. तपकिरी, मागचा एक पाय पांढरा, तोफेला न भिणारा पण बदकांना भिणारा. मी भाषांतर करत होते, पण थोड्या वेळानं माझी गरज उरली नाही. दोघं हातवाऱ्यांनी एकमेकांना जनावरांच्या चाली दाखवत होते.

शेवटी साहेबानं मान खाली घालून माफी मागितली.  मग नाना स्वतःच्या पोटरीवर थाप मारून म्हणाले, "तुना नेम चुकना, म्हनीसन मी आठे बठेल शे!"

नेम चुकला म्हणून मी इथं बसलोय, हे मी इंग्रजीत कसं सांगितलं ते आठवत नाही, पण साहेब इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नानाही हसले. मग आम्ही सगळेच.

त्यानंतर गोष्टीचा शेवट ऐकायला नाना सर्वांत पुढे बसले. शेवट असा होता: एका सकाळी जमिनीवरून आलेल्या गोळ्या साहेबाच्या विमानाला लागल्या. एक कानाला चाटून गेली, एक इंजिनात घुसली. बंद इंजिनानं तो कसाबसा वाळूत उतरला. पहिल्यांदा पोचले ते हिंदुस्थानी स्वार. एकानं त्याचं पिस्तूल काढून घेतलं आणि दुसऱ्यानं पाण्याची बाटली आणि मूठभर फुटाणे दिले. पुढे लढाई संपेपर्यंत तो इंग्रजांच्या कैदेत राहिला, तिथंच इंग्रजी शिकला. मायदेशी परतला तेव्हा हरलेल्या जर्मनांना विमानं उडवायला बंदी होती. मग इंजिनंच दुरुस्त करू लागला. हिंदुस्थानात जायला कोण तयार आहे असं कंपनीत विचारलं, तेव्हा त्यानं आधी हात वर केला. "फुटाणे देणाऱ्यांचा देश एकदा पाहायचा होता," तो म्हणाला.

श्रावणात इंजिन तयार झालं. नारळ शेठजींनी फोडायचा असं ठरलं होतं, पण साहेबानं अडून बसून तो मान नानांना द्यायला लावला. नारळ फुटला, साहेबानं चाक फिरवलं, दोनदा नुसताच धूर आला. तिसऱ्यांदा इंजिन असं काही धडधडू लागलं की आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. आठवड्यानं साहेब गेला. स्टेशनवर नानांनी त्याला कडक लष्करी सलाम ठोकला.

तीन वर्षं त्याची पत्रं आली. मग दुसरी लढाई पेटली आणि एक फौजदार आमच्या दारात येऊन उभा राहिला. जर्मनीहून पत्रं येतात म्हणे, दाखवा. मी सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. इंजिनाचं तेल किती दिवसांनी बदलावं, वांग्याचं भरीत करायला वांगं कुठल्या आचेवर भाजावं, आणि नाना कसे आहेत. फौजदारानं प्रत्येक ओळ वाचून घेतली. भरिताच्या पत्रात साहेबानं माझी कृती उतरवून ती बरोबर आहे का असं विचारलं होतं, तिथे थांबून म्हणाला, "यात तेल जरा कमी सांगितलंय हो तुम्ही." चहा पिऊन तो गेला, पुन्हा आला नाही.

नंतरची सहा-सात वर्षं काहीच कळलं नाही. त्या लढाईच्या बातम्या वर्तमानपत्रात यायच्या, शहरंच्या शहरं जळाल्याच्या. मी नानांना त्या वाचून दाखवत नसे, पण ते फाटकापाशी मला अडवून विचारायचेच, "साहेबनं काही समजनं का?"

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यात एक कार्ड आलं. अक्षर वाकडं, शाई फिकट. तो जिवंत होता. वय झालं म्हणून या खेपेला त्याला विमानात बसवलं नव्हतं. घर पडलं होतं, बायको-मुलगी सुखरूप होत्या, आणि तो एका गावात शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करत होता.

मी कार्ड घेऊन धावतच फाटकाशी गेले. नानांनी ते दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाले, "लिही माय." आणि अंगणात बसून त्यांनी मला उत्तर सांगितलं: कपाशी बरी आहे, नातू शाळेत जातो, इंजिन अजून चालतं, थंडी फार असेल तर कानाला बांधत जा. मी ते सगळं इंग्रजीत उतरवलं. खाली नानांनी स्वतःच्या हातानं सही केली, मोडीत, आणि ते पत्र टाकायला माझ्याबरोबर पोस्टापर्यंत चालत आले.