जिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही

आमच्या बाईसाहेब हट्टी होत्या, हे मी आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी त्यांच्या खोलीची चाकरी केली. केस विंचरले, कॉफी दिली, बोलणीही खाल्ली. आता त्या गेल्यावर लोक त्यांना शांत, सोशिक असं काहीबाही म्हणतात तेव्हा मला हसू येतं.

त्यांचं माहेर दुझजेकडच्या डोंगरातलं. झारच्या फौजेने आपल्या मूळ डोंगरांतून हुसकावल्यावर चेर्केस जमातीची जी घराणी समुद्र ओलांडून इकडे सुलतानाच्या मुलखात आली, त्यांतले त्यांचे वडील एक सरदार. जमीन गेली, घोडे गेले, पण ताठा मात्र गलबतातून सोबत आला. मुलीचं नाव नाफ्सेत. सोळाव्या वर्षी तिची आत्या तिला इस्तंबूलच्या राजवाड्यात घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव बदलून रुहसाफा झालं. दोन वर्षांनी सुलतानाशी निकाह लागला आणि ती कादिन झाली, म्हणजे मानाची बायको. मीही चेर्केसच, पण गरिबाघरची, सहाव्या वर्षी विकलेली. माझं पहिलं नाव मला आठवतसुद्धा नाही. राजवाड्याने नेवरेस ठेवलं, तेच चालवलं.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. राजवाड्यात आलेल्या बहुतेकजणी अशा गोष्टी विसरून गेल्या. बाईसाहेब विसरल्या नाहीत. तसंही सुलतानाचं नाव घ्यायची तिथे कुणाची टाप नव्हती, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण बागेतल्या एका माळ्याचं नाव नेमकं तेच होतं आणि त्याला त्या कायम 'गुलाबवाला' म्हणायच्या. मी एकदा त्यावरून चिडवलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग एका वसंतात शहरात सैन्य शिरलं. सुलतानाला गादीवरून उतरवलं आणि सामुद्रधुनीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एका हवेलीत पहाऱ्यात ठेवलं. राजवाडा मोकळा करायचा ठरला. गावोगाव तारा गेल्या की तुमच्या लेकीबाळी येऊन घेऊन जा. मोठ्या दालनात बाकांवर डोंगरातले चेर्केस बापभाऊ उंच केसाळ टोप्या घालून दाटीवाटीने बसले, आणि समोर टेबलाशी एक तरुण कारकून यादी लिहायला बसला.

हवेलीत जायला मिळणार होतं ते फक्त निकाहाच्या बायकांना आणि त्यांच्या एकेका दासीला. खोट्या बायका घुसू नयेत म्हणून नियम केला होता: प्रत्येकीने नवऱ्याचं नाव दोन साक्षीदारांपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पदवी नाही, हुजूर नाही, नुसतं नाव. इतर दोघी पटकन सांगून मोकळ्या झाल्या. दासी म्हणून मला विचारलं, मीही धन्याचं नाव खणखणीत सांगितलं. जे नाव कानावर पडलं तरी आम्ही माना खाली घालायचो, ते त्या दिवशी कॉफी उकळणाराही येता-जाता घेत होता.

"कुणाची बायको?" कारकुनाने बाईसाहेबांना विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग, बाई? तुम्ही सांगायचं. नाहीतर बाहेर तुमचे भाऊ गाडी घेऊन आलेत, माहेरी जा."

माहेरची गाडी सुटली की पलीकडचा किनारा जन्मात दिसणार नव्हता, आणि तिकडे त्यांचा माणूस एकटा बसला होता. मी कानाशी लागून विनवलं, एक शब्द आहे, घ्या आणि सुटा. त्यांनी मला बुरख्याची गाठ नीट करायला सांगितली. कारकुनाने खुर्ची दिली, बसून विचार करा म्हणाला. त्या बसल्या नाहीत.

तेव्हा बाकावरचा एक म्हातारा काठी टेकत उठला. नातीला न्यायला आला होता बिचारा, दोन दिवसांचा प्रवास करून. चेर्केस बाई उभी असताना चेर्केस पुरुष बसत नाही. त्याच्या शेजारचा उठला, मग पुढची रांग, मग सगळं दालन. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं, कुणी हललं नाही. दुपारची बांग झाली तरी सगळे तसेच उभे, आणि सगळ्यांच्या पुढे बाईसाहेब, पाठ ताठ. माझे पाय मोडून आले होते. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

शेवटी कारकून वैतागून म्हणाला, अहो, कुणीतरी हिला समजवा.

"समजून तू घ्यायचंस, लेका," म्हातारा म्हणाला. "आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिने आत्ता ते घेतलं असतं, तर ती त्याची बायको आहे यावर मीच विश्वास ठेवला नसता. तुला दोन साक्षीदार हवेत ना? हे चाळीस उभे आहेत. लिही."

कारकुनाने एकवार सगळ्या टोप्यांकडे पाहिलं आणि निमूटपणे लिहिलं.

संध्याकाळी आम्ही हवेलीत पोचलो. इतक्या दिवसांत सुलतान फार थकलेले दिसत होते. पहारेकरी दारातून त्यांना नुसत्या नावाने हाका मारत होते, एखाद्या पोऱ्याला माराव्यात तशा. दालनातली हकिकत त्यांच्या कानावर आली होती. मी कॉफी ओतत असताना ते कसंनुसं हसून म्हणाले, "एकदा घेऊन टाकायचंस की. आता सगळेच घेतात."

"सगळे घेतात म्हणूनच मी घेणार नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "न घेणारं एक तरी तोंड राहू दे."

सुलतानांनी आपला कॉफीचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मला माझीच लाज वाटली. सकाळी त्या टेबलापाशी मी तेच नाव मोठ्याने सांगून आले होते. त्यानंतर मी ते कधी घेतलं नाही, आणि इथेही लिहिलेलं नाही.