"गावी गेलेत" हे मी लिहिलं होतं

मी खोटं बोलले होते, आणि पुष्पा मावशीला ते खरं वाटलं.

आज मावशीला जाऊन महिना झाला. तिच्या मुलाला, संदेश दादाला विचारून हे लिहितेय. तो म्हणाला, लिही, पण माझ्या आईला बिचारी करू नकोस.

बिचारी ती नव्हतीच.

मी घाटकोपरच्या एका छोट्या संस्थेत काम करते. डायलिसिसवर असलेल्या लोकांना धीर देण्यासाठी आमचं एक अ‍ॅप आहे. रोज सकाळी ते विचारतं, "आज कसं वाटतंय?" खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. शिवाय पेशंटना आपसात बोलायला एक ग्रुप. तो मी सांभाळते.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. ही नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, चला, आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होणार.

मावशी मुलुंडची. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, म्हणून ती टाइप करायची नाही. व्हॉइस नोट पाठवायची. मागे मशीनची टीं टीं.

नवीन माणूस ग्रुपवर आला की हिचा पहिला सल्ला ठरलेला. "पाणी मोजून प्या. शिव्या मोजू नका."

मला एकदा म्हणाली, "तुझं अ‍ॅप मला रोज विचारतं कसं वाटतंय. मी त्याला विचारलं तर सांगेल काय?"

आमचा एक नियम होता. कुणी वारलं तर ग्रुपवर सांगायचं नाही. बाकीचे खचतात. नंबर गुपचूप काढून टाकायचा.

कुणी विचारलंच तर काय म्हणायचं, ते नियमात नव्हतं.

"गावी गेलेत" हे शब्द माझे.

मला ते मऊ वाटले होते. विक्रोळीचे पवार काका गेले तेव्हाही मी तेच लिहिलं. गावी गेलेत, तिथे रेंज नाही. दोन-तीन जणांनी जोडलेले हात टाकले. निभावलं, असं वाटलं मला.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला.

"पवार भाऊ अजून गावालाच?"

"हो मावशी."

"पंधरा दिवस होऊन गेले की गं. बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

मग म्हणाली, "बघ. माणसानं मनात घेतलं तर होतं."

मला वाटलं, ती पवार काकांसाठी खूश झालीय. मी पण "हो ना" म्हणाले आणि फोन ठेवला.

डायलिसिसवरचा माणूस मशीन सोडून पंधरा दिवस गावी राहू शकत नाही. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, श्वास लागतो. हे मला माहीत होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, बुलढाण्याकडे. चार वर्षांत तिने माहेर पाहिलं नव्हतं.

दादा सांगत होता, सेंटरमधल्या टेक्निशियनने तिला बजावलं होतं. जायचंच तर तालुक्याला कुठे सोय होते का बघू, दोन दिवस द्या. तिने ऐकलं नाही. दादाने अडवलं, तर त्यालाच म्हणाली, "पवार भाऊंना काही झालं नाही, मला काय होतंय?"

दोन पाळ्या चुकल्या.

रविवारी परत आली ती धापा टाकतच. सोमवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये वारली.

डॉक्टर म्हणाले, हार्ट आधीच कमकुवत होतं, नक्की असं काही सांगता येत नाही. लोक मला हेच वाक्य ऐकवतात. मला त्याचा धीर येत नाही. नक्की सांगता येत नाही, म्हणजे कारण मी नव्हते असंही सांगता येत नाही.

त्या दिवशी मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. संस्थेच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, थांब, मीटिंगमध्ये बोलू.

मंगळवारी रेश्माचा मेसेज आला. ती वाकोल्याची, मूळची मालवणची. तिची पाच वर्षांची मुलगी तिकडे आजीकडे असते.

"ताई, मावशी अजून गावाकच आसत? मग मी पण दोन दिवस जाऊन येऊ काय? पोरीक बघून येतंय."

मीटिंगची वाट बघण्याएवढा वेळ नव्हता. मी लिहिलं, रेश्मा, जाऊ नकोस. पुष्पा मावशी काल सकाळी वारल्या. गावी गेल्या होत्या, दोन पाळ्या चुकल्या.

सगळ्यांनी वाचलं. ते दिसत होतं मला.

मग रेश्मानेच लिहिलं, "पवार काका?"

मी लिहिलं, तेही वारले. मागच्या महिन्यात.

मग दुसऱ्या कुणीतरी, "परब आजी?"

हो.

"भांडुपचे ते मास्तर?"

हो.

एकेक नाव येत राहिलं. मी हो, हो लिहीत राहिले. ज्यांना धीर द्यायचा मी पगार घेते, त्यांना मी एकाच दुपारी इतक्या मरणांच्या बातम्या दिल्या. आता कुणी मशीनवर बसायचंच सोडलं तर? घाबरून कुणाचं काही झालं तर?

शेवटी रेश्माची व्हॉइस नोट आली. तीही मशीनवरच होती.

"मी नाय जात, ताई. पण माझ्या वेळी खरं लिहा. त्याच दिवशी."

मी तिला शब्द दिलाय.

तेव्हापासून रोज सकाळी मी अ‍ॅप उघडते आणि नऊपर्यंत कुणी चेहरा दाबला नसेल तर फोन लावते. उचलेपर्यंतच्या त्या रिंग्ज मला सहन होत नाहीत.

पुष्पा मावशी, तू विचारलं होतंस, पवार भाऊ बरे आहेत ना.

नाही गं. ते वारले होते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुला आदरांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. तरी हात जोडते.