विंगेतलं मँडोलिन

परवा बुधवार पेठेत ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेला, तिथे सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मी वीस वर्षं मागे, कॉलेजच्या सभागृहातल्या विंगेत पोचले. तिथेही तोच वास होता. ऐन वेळी तुटलेली केबल कुणीतरी जोडत होतं.

त्याच दुपारी आमच्या रॉक बँडची पहिली सीडी हातात आली होती. गिटार समीरने वाजवली होती, मँडोलिन आणि कीबोर्ड मी. कव्हरवर मात्र छापलं होतं, ‘सर्व वाद्ये : समीर’.

“अगं, लोकांच्या एकच चेहरा लक्षात राहतो,” तो म्हणाला. “आज तू मँडोलिन विंगेतून वाजव. मी पुढे नुसती बोटं फिरवतो.”

“बरं,” मी म्हटलं.

मँडोलिनची जागा आली. त्याची बोटं तारांवर नाचू लागली, आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आधी हशा पिकला, मग शिट्ट्या. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

त्या फजितीनंतर म्हणे त्याने वर्षभर दार लावून मँडोलिन घोटलं. मग कीबोर्ड, मग बासरी. आज त्याच्या कार्यक्रमाची तिकिटं तासाभरात संपतात. म्हणजे माझ्या सूडानेच त्याला घडवलं. याची चीड येते. केल्याचा पश्चात्ताप अजूनही होत नाही.

दुकानदाराच्या मोबाइलवर त्याचंच गाणं लागलं. “ऐकलंय का यांना कधी?” त्यांनी विचारलं.

“एकदा गेले होते,” मी म्हटलं. “काहीच ऐकू आलं नाही.”