पाठीचा कागद

गल्लीत सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध शेवटच्या बाकावर डुलक्या काढण्यापुरताच आला होता. शिंपीकामात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीण. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्या आधी त्याची पाठ बघायच्या. "तोंड काय, कुणीही हसरं करून येतं. पाठीला नाटक जमत नाही," असं त्यांचं म्हणणं.

बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं बेतायचं टेबल होतं, दोन माणसं आडवी झोपतील एवढं. त्याच्यापाशी उभं राहून त्यांनी चौतीस वर्षं कोट बेतले. मग एके दिवशी जाड कापडाचा ताका उचलताना कमरेत काहीतरी धरलं. सहा आठवड्यांत सुटेल, म्हणाले डॉक्टर. तीन वर्षं झाली. फोटो काढले, तपासण्या केल्या, सगळं वयाच्या मानानं ठीक. आणि हे 'ठीक' दुखण्यापेक्षा वाईट निघालं. सून शेजारणीला सांगायची, "रिपोर्टात काही नाही, आणि सासूबाईंना वाकवत नाही!" ती वाईट नव्हती. स्वतःचं आणि सासूबाईंच्या वाटचं काम एकटीनं ओढून दमली होती, इतकंच.

टेबलावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस एक माणूस येऊन ते टेबल घेऊन जाणार, असं मुलानं ठरवलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "जाऊ दे की." पण त्यानंतर आठवडाभर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्यांना यजमानांनी नेलं. तिथली बाई तिशीची, चुणचुणीत, हातात शेकाच्या पिशव्यांची ऊब. पहिल्याच दिवशी ती समजावायला गेली, "काकू, दुखणं शेवटी मेंदूत तयार होतं."

मास्तरीणबाईंनी चपला घातल्या. "म्हणजे मी सोंग करते, असंच ना? तेवढं ऐकवायला घरी सून आहे माझी."

घरी आल्यावर यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "भांडण अर्धं टाकून येऊ नये गं. जा उद्या, पुरं करून ये."

दुसऱ्या दिवशी बाईनं भाषण केलं नाही. कागद-पेन्सिल पुढे ठेवली. "डोळे मिटा आणि तुमची पाठ काढा. आरशात दिसते तशी नको. आतून वाटते तशी."

हा तर त्यांच्या हातचा मळ. हजारो पाठी काढलेल्या त्या बोटांनी मानेपासून रेघ सोडली. उजवा खांदा, मुंढा, बगल, कंबर... सगळं झरझर. डावीकडून परत वर येताना मात्र हात अडला. तिथं काही नव्हतंच. पेन्सिल हवेत तरंगली, आणि बरीच वर जाऊन पुन्हा टेकली. त्यांनी डोळे उघडले.

"बाई गं! हे काय बेतलं मी? असा कोट शिवला तर माणसाची अर्धी पाठ उघडी पडेल!"

"बरेच जण असंच काढतात," बाई म्हणाली. "दुखरी जागाच पुसट होते. काकू, तुमची पाठ शाबूत आहे. पण मेंदूजवळ तिचा एक कागद असतो, नकाशासारखा, तो खराब झालाय. त्या जागी काय चाललंय ते धड कळत नाही, म्हणून साधं वाकलात तरी मेंदू घाबरतो, आणि दुखवून थांबवतो. दुखणं खरं आहे हं. अगदी खरं."

तीन वर्षांत हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "एक गिऱ्हाईक आजारातून उठून आलं. निम्मं झालेलं. मी वहीतल्या जुन्याच मापानं कोट बेतला. बिचारा कोटात हरवला. चूक त्याच्या अंगाची नव्हती, माझ्या वहीची होती. तसंच ना हे?"

बाईनं लगेच विचारलं, "हे मी बाकीच्या पेशंटना सांगू?"

"सांग. फक्त गिऱ्हाइकाचं नाव काढू नकोस."

"तुम्ही कुठं सांगितलंत?"

"म्हणून तर!"

मग नवी मापं घेणं सुरू झालं. मास्तरीणबाई पालथ्या पडायच्या. बाईनं मनात त्यांच्या पाठीचे नऊ चौकोन पाडलेले. पेनाच्या टोपणानं एकेक ठिकाणी हलकेच टेकवायची आणि विचारायची, कितवा? पडद्यापलीकडे कुणाच्यातरी व्यायामाच्या दोरीची कप्पी किरकिरत असे, झोपेतल्या पाळण्यासारखी. मास्तरीणबाईंना वाटे, आपण एक लांबरुंद कापड आहोत, दुपारच्या उन्हात कुणीतरी पसरून ठेवलेलं, आणि त्याच्यावरून एक पाखरू चालतंय. दोन. पाच. तीन. पाखरू सातव्या घरात गेलं की नाहीसं होई, विहिरीत खडा पडावा आणि आवाजच येऊ नये तसं. त्या वाट बघत. कधी तिथं धुकं असे, कधी कुणीच राहत नसलेलं घर. पाच आठवड्यांनी एका दुपारी त्या घरात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. "सात," त्या पुटपुटल्या, आणि पाठोपाठ घोरू लागल्या.

थोडं थोडं वाकणंही चालू होतं. "दुखेल," बाई बजावायची, "पण दुखलं म्हणजे तुटलं, असं नाही."

महिनाअखेर आली. त्या सकाळी मास्तरीणबाईंनी टेबलावरचा ढीग उचलून सुनेच्या पलंगावर नेऊन ठेवला आणि तिला हाक मारली. "जरा माझं माप घे. स्वतःची पाठ मास्तरालाही मोजता येत नाही."

"आत्ता? तो माणूस येईल ना टेबल न्यायला!"

"घे तर."

सुनेनं कमरेभोवती टेप आणली. मास्तरीणबाईंचे डोळे मिटलेले.

"साडेचौतीस."

"टेप घसरलीय गं. डाव्या अंगाला, दोन बोटं खाली."

सुनेनं वाकून बघितलं. खरंच घसरली होती. "अगंबाई! मागे डोळे फुटलेत की काय तुम्हाला?"

मास्तरीणबाईंना दुखत होतं, रोजच्यासारखंच. पण आज त्या दुखण्याला काठ होते, आणि काठांच्या आत त्यांचं स्वतःचं अंग होतं. "वर घे. अजून. हां, तिथं."

सुनेनं टेप वर घेतली. तिचा हात क्षणभर तिथंच राहिला. "इथंच दुखतं का हो, आई?" तिनं पहिल्यांदाच विचारलं.

"तिथंच."

बाहेर फाटक वाजलं. सून दाराकडे बघून म्हणाली, "आला वाटतं. काय सांगू त्याला?"

"सांग, टेबल रिकामं नाही."

त्यांनी स्वतःची पाठ बेतायला कोरा कागद पसरला, आणि टेबलावर वाकल्या. मधेच एकदा थांबून कमरेवर हात ठेवला, श्वास सोडला, आणि डावीकडची रेघ सावकाश वर नेऊ लागल्या.