आमच्या लिंकताई

लिंकताईंसमोर रडायची सोय नव्हती. कुणी नोकरी गेल्याचं सांगावं, कुणी धंदा बसल्याचं सांगावं, त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि मोबाइल हातात घ्यायच्या. थोड्या वेळानं समोरच्याच्या मोबाइलवर टिंग वाजायचं. एक लिंक आलेली असायची. "हे वाच आधी. वाचून झाल्यावर बी रडू आलं तर रड," असं म्हणून त्या चहा टाकायला उठायच्या. चहा होईपर्यंत रडणारं माणूस काहीतरी वाचत, पुन्हा मागे जाऊन बघत बसलेलं असायचं.

त्यांचं खरं नाव वैजयंता. मूळच्या मुखेडकडच्या, पण उभं आयुष्य नांदेडात गेलं, एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून. एके वर्षी त्या दैनिकाची पानं दुसऱ्या शहरात लागायला लागली आणि इथल्या टेबलांची गरज संपली. ताईंना भर दुपारी घरी पाठवलं. एवढी वर्षं दुसऱ्यांची ऱ्हस्व-दीर्घं सांभाळलेल्या बाईला निरोपाचा चहासुद्धा कुणी पाजला नाही.

पुढे बरेच महिने काम नव्हतं. मग ओळखीच्या एका प्रेसवाल्यानं जुन्या फॉन्टमधलं अख्खं पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल अशा अक्षरांत, आणून मागितलं. पुन्हा टाइप करायचं म्हणजे कंबरडं मोडणार. ताई इंटरनेटवर शोधत बसल्या आणि त्यांना एक फुकटचं साधन सापडलं. मजकूर टाकायचा, बटन दाबायचं, तो नव्या अक्षरांत पुढे हजर. कुणी तरी अनोळखी माणसानं ते तयार करून लोकांसाठी ठेवून दिलं होतं. हा प्रसंग सांगताना त्यांच्या आवाजात नवल असायचं आणि लगेच मागून कडवटपणाही यायचा. "आपल्याला न ओळखणारी माणसं आपल्यासाठी एवढं करून ठेवतेत. अन् ओळखीची माणसं फोन उचलत न्हाईत."

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, म्हणजे त्याआधीपर्यंत शिकवत होते. त्या वर्षी माझ्या तासिका संस्थेतल्या कुणाच्या तरी सुनेला दिल्या. मी नांदेडला मावशीकडे येऊन पडले. मावशीच्या शेजारी ताई राहायच्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि माझ्याही मोबाइलवर टिंग वाजलं. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडून जे शिकले ते एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. भाषांतराची कामं कुठे मिळतात, तिथं आपलं नाव कसं नोंदवायचं, कराराचा साधा नमुना कुठून उतरवून घ्यायचा, कुणाचाही हक्क न मोडता फोटो कुठून घ्यायचे, शंका आली तर शब्दकोश इंटरनेटवर कुठे उघडायचा. "सँपल म्हणून लोक अख्खं प्रकरण मागतेत," त्या म्हणाल्या. "एक पान द्यायचं. एका पानात ज्याला तुझं मराठी कळंना, त्याला पुस्तकभर बी कळणार न्हाई." त्यावर मी आजही पोट भरते आहे.

ताईंची एक शिस्त होती. स्वतः वापरून बघितल्याशिवाय त्या कुणालाही काही पाठवायच्या नाहीत. नवी साइट सापडली की आधी खोटा मजकूर टाकून बघायच्या, बिल बनवणारी असेल तर कुण्या काल्पनिक गिऱ्हाइकाच्या नावानं बिल काढायच्या. नंतर लिंकखाली मराठीत लिहायच्या: "इथं कार्डाचा नंबर मागतील, देऊ नका. आठवडाभर फुकट म्हणतात, मग मानगूट धरतात." आणि सगळ्यात शेवटी, हे आपल्याला कुणाकडून कळलं त्या माणसाचं नाव. उदगीरचा एखादा दुकानदार असो, नाही तर कुठल्या परक्या देशातली बाई. नाव लिहिल्याशिवाय लिंक सुटायची नाही.

धर्माबादची गंगामणी त्यांच्याकडे आली ती अशीच कुणाच्या तरी सांगण्यावरून. ती मिरची कांडून सुटी विकायची, वजनावर. पाकिटात घालून विकायचं तर परवाना लागतो आणि तो माझ्याशिवाय मिळत नाही, असं तिला एका एजंटनं पटवलं होतं. ताईंनी तिला संगणकासमोर बसवलं. गंगामणीचा हात माउसला लागेना. तुम्हीच भरा ना अक्का, म्हणून ती विनवत होती. "बोट तुझं, मिरची तुझी, परवाना बी तुझाच," ताई म्हणाल्या. "मी बटन दाबणार न्हाई. उद्या दुसऱ्या बाईला तू सांगशील कसं?" अर्धा दिवस गेला. अर्ज गेला. परवाना आल्यावर गंगामणीनं छापील लेबलाचं पहिलं पाकीट पाठवून दिलं. ते उघडताना ताई इतक्या शिंकल्या की मावशी धावत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाई हसत होती. मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

अशी माणसं वाढत गेली. लेखक, भाषांतर करणाऱ्या मुली, डीटीपीवाले, पापड-मसालेवाल्या, छोट्या प्रेसचे मालक. त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, आणि तिथं शोधाशोध करणं अवघड व्हायला लागलं तेव्हा ताईंनी स्वतःच एक वेबसाइट उभी केली. तिचं नाव 'हाताशी'. लिहिणाऱ्यांसाठी एक दालन, तपासणाऱ्यांसाठी एक, दुकानदारांसाठी एक. जाहिरात नाही, फी नाही. मी तिकडचं मराठी तपासून द्यायचे, आणि ताई माझं तपासलेलं पुन्हा तपासायच्या.

त्याच सुमारास अविनाश आला. निलंग्याचा, बोलायला गोड. स्पर्धा परीक्षांत चार-पाच वर्षं गेलेली, घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती. ताईंनी त्याला लिहायला शिकवलं, पहिली कामं मिळवून दिली, त्याचं वाक्य न् वाक्य दुरुस्त केलं. तो त्यांच्याकडेच जेवायचा. "पोरगं लवकर शिकून राहिलं," त्या मला फोनवर सांगायच्या. मी तोवर लातूरला परतले होते. पुढे तो लातूरला गेला. तिथल्या शिकवणी-क्लासांच्या गल्ल्यांमध्ये त्यानं एक हॉल घेतला आणि पाहता पाहता तो 'अविनाश सर' झाला. 'घरबसल्या डिजिटल उद्योजक' असं त्याच्या शिबिराचं नाव होतं. फी भरपूर होती आणि लोक ती भरत होते.

त्यानं ताईंना शिबिराच्या समारोपाचं आमंत्रण दिलं. त्यांनी कपाटातली चांगली साडी काढली. मी लातूरलाच असल्यानं स्टँडवर घ्यायला गेले. हॉल भरलेला होता. प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड गुळगुळीत पुस्तिका होती. ताईंनी शेजारच्या माणसाकडून ती बघायला घेतली आणि दोन पानं उलटून माझ्याकडे दिली. आतमध्ये 'हाताशी' होतं. दालनं तीच, क्रम तोच, वाक्यं तीच. मानगूट धरतात हेसुद्धा तसंच. गाळलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे माणसांची नावं. उदगीरचा दुकानदार नाही, परकी बाई नाही, वैजयंता तर नाहीच.

मी उठायला लागले तर ताईंनी मनगट धरून मला खाली बसवलं. बहुधा त्यांना अजून वाटत होतं की तो स्टेजवरून सांगेल. त्यानं सांगितलं ते वेगळंच. त्यांना वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाला की या आमच्या वैजयंता मावशी, छापखान्यात काम करायच्या, नोकरी गेली, पण या वयातही आपलं तंत्र शिकून त्या आज ऑनलाइन कामं करतात. मग तुम्हाला का नाही जमणार? टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताईंनी माइक मागून घेतला. त्याला वाटलं आभार मानतील. त्या शांतपणे बोलल्या. "या पुस्तकात जे हाय ते सगळं फुकट मिळतं. मीच लिहून ठेवलंय. घरी जाऊन बघा, अन् आपली फी परत मागा." पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण कुणी तरी माइक बंद केला होता. अविनाशनं हसून हात जोडले. मावशी भावुक झाल्या आहेत, असं तो दुसऱ्या माइकवरून म्हणाला, आणि हॉल पुन्हा टाळ्या वाजवायला लागला. मी सोडून एक माणूस उठला नाही. दारातून बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणत होती की फुकटात मिळणारं एवढं चांगलं कसं असेल. ते ताईंनी ऐकलं. माइक बंद झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला नव्हता, तो आत्ता बदलला.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. ज्या परदेशी कंपनीच्या इंटरनेटवरच्या जागेवर 'हाताशी' उभं होतं तिच्याकडे अविनाशच्या वकिलानं तक्रार केली, की हा मजकूर आमच्या प्रकाशित पुस्तकातून चोरलेला आहे. त्याच्याकडे छापील पुस्तक होतं, त्यावर त्याचं नाव होतं. ताईंकडे फक्त केलेलं काम होतं. आम्ही उत्तरं पाठवली, जुन्या तारखा दाखवल्या. उलट यायचं ते यंत्रानं लिहिलेलं, तुमच्या भावना आम्ही समजतो अशा अर्थाचं. एका सकाळी 'हाताशी' उघडेना.

मला खरी चीड आहे ती ग्रुपवाल्यांची. दीडशे-दोनशे माणसं होती ती. त्यांतल्या कुणाला ताईंनी पहिलं काम दिलं होतं, कुणाला बिल करायला शिकवलं होतं. आम्हाला भांडणात ओढू नका, असं एकानं लिहिलं. ताईंना सरांचं यश बघवत नाही, असं दुसऱ्यानं लिहिलं, आणि त्याखाली अंगठे उमटले. मग एकेक जण ग्रुप सोडून गेला. अविनाशच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार यायचा, तिकडे गर्दी होती. गंगामणीनं तेवढा धर्माबादहून फोन केला आणि तेलुगू-मराठीत त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. ताई ऐकून घेऊन म्हणाल्या, राहू दे, तुझं काम बघ.

वर्षभरात त्यांनी नांदेडची खोली सोडली आणि मुखेडला भावाकडे गेल्या. नंबर बदलला. मला तो माझ्या मावशीकडून मिळाला.

परवाच्या उन्हाळ्यात मी जाऊन आले. ताई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण जीभ तशीच होती. त्यांची भाची बारावी झाली होती, तिला घरून काही लिहिण्याचं काम करायचं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि कुठून सुरुवात करू म्हणून विचारायला लागली. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"लातूरला क्लास लाव म्हणलं मी तिला," त्या म्हणाल्या. "पैसे भर अन् शीक. पैसे भरले की माणूस मन लावून ऐकतं."

मला वाटलं त्या टोमणा मारतायत. त्या टोमणा मारत नव्हत्या. भावानं फी भरलीसुद्धा होती, आणि ताईंनी त्याला अडवलं नव्हतं. क्लास कुणाचा, हे मी विचारलं नाही. भाचीनं आपणहून मोबाइलवर जाहिरात दाखवली. सूट घातलेला अविनाश हाताची घडी घालून उभा होता.

निघताना ताई रस्त्यापर्यंत आल्या. एसटीला वेळ होता. मी धीर करून सांगितलं की 'हाताशी'चा सगळा मजकूर माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, दुसऱ्या जागेवर पुन्हा उभं करू, वकील बघू, या वेळी पक्कं करू. त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आणखी एक सर तयार करायला?"

बस आली. मला खिडकीची जागा मिळाली, पण मी बाहेर बघेपर्यंत त्या घराकडे वळल्या होत्या.