फ्लॉपी घालायची जागा

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या पोटातलं सगळं माहीत असतं. तुम्हाला सांगतो. बसा.

मी चौथी नापास. मिलमध्ये कापडाच्या थानांच्या घड्या घालायचो. मिल बंद झाली — आणि मी काय केलं? राजेंद्र नगरात कंप्यूटर क्लास उघडला! हसा भिया, मी पण हसतो. एका बंद पडलेल्या ऑफिसातले चार जुने कंप्यूटर आणले, रिपेरिंगवाल्या पंकजकडून थोडं शिकलो, आणि झालो सर. पहिल्यांदा माउस मी उचलून थेट स्क्रीनला लावला होता, खरंच. पण शिकवायचो मस्त. मतलब, जे येत होतं ते.

मग एक दिवस पंकज बोलला, "भिया, ये विंडोज अब बदल डालो. कंपनी ने ही हाथ ऊँचे कर दिए." बनवणाऱ्यांनीच तिची दवादारू बंद केलेली. सगळीकडे नवी आलेली, आणि नवी माझ्या खटाऱ्यांवर चालणार नव्हती. मी त्याला सांगितलं — नव्या विंडोजवर ते हिरव्या टेकडीचं चित्र असतं ना, तेवढं माझ्या चारींवर लाव. बस. बाहेर बोर्ड रंगवला, एकदम लेटेस्ट. शिकणाऱ्याला काय कळणार? मला तरी कुठे कळत होतं — नाही, हे खोटं. मला कळत होतं.

सुनंदावहिनी माझ्या क्लासला यायच्या. नवरा माझ्याच खात्यातला, मिल गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. घर आता वहिनींच्या नोकरीवर चालायचं होतं. सगळ्यांच्या आधी यायच्या, सगळ्यांच्या नंतर उठायच्या. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून त्यांना बोलावणं आलं. त्यांनी टाइप केलेलं सगळं मी फ्लॉपीत भरून दिलं. बोललो, जा बिनधास्त, घाला आणि दाखवा.

तिथल्या कंप्यूटरवर टेकडी तीच. फ्लॉपीची फट मात्र कुठेच नाही, सगळा कारभार पेन ड्राइवचा. वहिनी डब्ब्याच्या चारी बाजूंनी हात फिरवत राहिल्या म्हणे — आणि साहेबलोक बघत बसले.

दुसऱ्या दिवशी भरल्या बॅचमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "भाऊजी, तिथल्या कंप्यूटरात फ्लॉपी कुठे घालतात? माझंच काही शिकायचं राहिलं का?"

तेव्हा बोलायचं होतं. किती अवघड होतं? आणि मी काय बोललो — "वहिनी, घाबरून टीव्हीत तर नाही ना घालत होता?" पोरं लोळली हसून. वहिनी पण हसल्या. हसू थांबलं, तर मी वरून आणखी — "लक्ष नव्हतं तुमचं."

परत आल्या नाहीत. लोकांच्या घरी पोळ्या करायला लागल्या.

जन्मभर मी स्वतःवर लोकांना हसवलं. हा एकच किस्सा दुसऱ्यावर ढकलला. पुढच्या प्रत्येक बॅचला सांगितला, नाव घेऊन — बघा, लक्ष नाही दिलं की काय होतं. दर वेळी हशा.

लक्ष होतं त्यांचं. मी शिकवलेलं सगळं त्यांना येत होतं.